गणिताचे सर आणि त्यांचं गोल्फ: ज्यांना सर भेटले त्यांनी लिहा

सर गेले त्याला परवा महिना झाला. तेराव्याला गेलो होतो तेव्हा हॉलमध्ये पुढे नातेवाईक, मध्ये आम्ही जुने विद्यार्थी, आणि एकदम मागे भिंतीला टेकून पाचसहा माणसं उभी होती, उन्हानं रापलेली, कोणाच्या ओळखीची नाहीत. एकाला विचारलं तर म्हणाला आम्ही येरवड्याचे, सरांचे कॅडी, मैदानावर गोल्फची बॅग उचलणारे. मी सरांकडे तीन वर्षं शिकलो, त्यानंतर पंचवीसएक वर्षं त्यांच्या घरी जाऊन येऊन होतो, पण हे लोक सरांबद्दल जे सांगत होते त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं, आणि आम्ही सांगितलेलं त्यांना नवीन होतं. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एका जागी यायला पाहिजे.

तर सगळ्यांना आमंत्रण. वर्गात बसला असाल, त्यांच्याबरोबर खेळला असाल, शेजारी राहिला असाल, एकदाच भेटला असाल, लिहा. फक्त एक विनंती, 'थोर व्यक्तिमत्त्व हरपलं' असं काही नको, तसे मेसेज खूप झाले. जे घडलं, जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहा. नाव मुद्दाम टाकत नाहीये, सरांच्या मुलीनं, ताईंनी तसं सांगितलंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर मूळचे देवळालीचे. एमएस्सी झाल्यावर खडकवासल्याला एनडीएत सात वर्षं गणित शिकवलं, गोल्फचं वेड तिथेच लागलं, मग आमच्या कॉलेजात आले ते रिटायर होईपर्यंत. आठवड्यातून दोनदा पहाटे येरवड्याच्या मैदानावर. गोल्फच्या नियमाप्रमाणे बॅगेत १४ काठ्या ठेवता येतात, सरांच्या बॅगेत सात होत्या, बदली होऊन चाललेल्या एका ऑफिसरकडून घेतलेल्या.

सुरुवात मीच करतो. एफवायचा वर्ग, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि सर एका हातात डस्टर आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन आत आले. आम्हाला वाटलं आज कोणाला तरी पडणार. ती काठी म्हणजे पटर, चेंडू होलमध्ये ढकलायची, हे नंतर कळलं. प्लॅटफॉर्मच्या खाली फरशीवर त्यांनी पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवली, सव्वाचार इंच व्यासाची. जगातल्या कुठल्याही मैदानावर जा, होल एवढाच असतो, १०८ मिलिमीटर. मग दहा फूट मोजून खडूची खूण केली आणि तिथे चेंडू ठेवला. म्हणाले, चकतीच्या मध्यापासून इकडे तिकडे दोन इंच आणि वर एक अष्टमांश एवढी चूक चालते, ही झाली एप्सिलॉन, ती मी दिली. आता चेंडू निघताना दिशा किती अंशांनी चुकली तर चालेल ते तुम्ही सांगा, ती डेल्टा. आम्ही गणित केलं, उत्तर आलं जेमतेम एक अंश. वीस फुटांवरून अर्धा. मग सरांनी कात्रीनं चकती लहान केली, आम्ही पुन्हा अंश काढला. पुन्हा लहान केली, पुन्हा काढला. शेवटी चकती चार आण्याच्या नाण्याएवढी राहिली तेव्हा म्हणाले, तुम्ही कितीही लहान करा, मी शून्यापेक्षा मोठा कुठला तरी अंश काढून देऊ शकतो, बास, हेच पुस्तकात लिहिलंय. लिमिटची ती व्याख्या बारावीपासून पाठ होती मला. कळली त्या दिवशी.

— — —

टीवाय १९८८, सध्या नाशिक

मीपण त्या चकतीच्या वर्गात होतो, पण आमच्या वर्षी कात्री नव्हती, सर चकतीवर चकती चिकटवायचे. म्हणजे दर वर्षी करत असणार. त्या पटरच्या मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आठवतंय का कोणाला? त्याचं पुढे काय झालं, कोणाकडे आहे ते?

मला आठवतो तो मेकॅनिक्सचा तास. प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेल्या वस्तूचा मार्ग, शिकवत होते. फळ्यावर पॅराबोला काढला, सूत्र सोडवलं, आणि मग म्हणाले हे सगळं बरोबर आहे पण येरवड्यात खोटं आहे. चेंडू मारला की तो उलटा फिरत फिरत जातो, हवा त्याला वर उचलून धरते, त्यामुळे तो पॅराबोलापेक्षा कितीतरी जास्त वेळ वर तरंगतो. फिरकी थोडी तिरकी पडली की झाडीत. आणि चेंडूवरचे ते खळगे, तीनशे ते पाचशे असतात, ते शोभेचे नाहीत. खळग्यांमुळे हवा चेंडूला जास्त मागेपर्यंत चिकटून राहते आणि मागची ओढ कमी होते, गुळगुळीत चेंडू जवळपास निम्माच जातो. मग विचारलं, तुमच्या पुस्तकातला पॅराबोला खरा कुठे? कोणालाच येईना. सर म्हणाले चंद्रावर. १९७१ मध्ये अपोलो १४ चा अॅलन शेपर्ड गोल्फच्या काठीचं पातं आपल्या एका अवजाराला जोडून चंद्रावर दोन चेंडू मारून आला. तिथे हवाच नाही, त्यामुळे चेंडू वळणार नाही, तरंगणार नाही, पुस्तकात आहे तस्साच पडणार. नंतर मी बावीस वर्षं पॉलिटेक्निकला मेकॅनिक्स शिकवलं आणि दर वर्षी 'खरा कुठे' हा प्रश्न विचारला.

— — —

येरवडा

मी लिहिणार नव्हतो, माझ्या मुलीनं लिही म्हणून धरलंय, मी सांगतोय तसं तीच टाइप करतीये. मी १९८९ पासून कॅडी, आता मैदानावरच गवताचं काम बघतो. सातवीत शाळा सोडलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना साहेब म्हणालो तर म्हणाले साहेब इथे खूप आहेत, मला सर म्हण. बॅग हलकी, सातच काठ्या, त्यामुळे सगळी पोरं सरांची बॅग घ्यायला पळायची, पण सरांचं ठरलेलं, पाळीपाळीनं घ्यायची.

पुढचे लोक हळू खेळत असले की टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, थांबावं लागतं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तेव्हा सर खिशातलं स्कोअरचं कार्ड काढायचे, पाठीमागची बाजू कोरी असते, आणि ती बोटाएवढी छोटी पेन्सिल असते ना कार्डाबरोबर, ती माझ्या हातात द्यायचे. म्हणाले, चार आकडे लिही, सगळे सारखे नकोत. मी लिहिलं ३५२४. म्हणाले, मोठ्यापासून लहान लाव, ५४३२. आता उलटं लाव, २३४५. वजा कर. आलं ३०८७. परत तसंच कर. ८७३० वजा ०३७८, आलं ८३५२. परत. ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. म्हणाले, परत कर. केलं, परत ६१७४. अजून केलं, तेच. सर म्हणाले आता दुसरे कुठलेही चार घे, सात पायऱ्यांच्या आत इथेच येणार, जाऊन जाणार कुठे. मला वाटलं सर जादू करतात. तर म्हणाले जादू नाही, हे कापरेकर म्हणून आमच्या देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांनी शोधलंय, शाळेतले मास्तर, प्रोफेसर नाही.

त्या दिवसानंतर मी कॅडी शेडमध्ये पैज लावायचो, कुठलेपण चार आकडे सांग, एक चहा. दोन महिने मी स्वतःच्या पैशानं चहा प्यायलो नाही. सरांना सांगितलं तर ते रागावले नाहीत, म्हणाले चहा जिंकलास, आता वजाबाकी न चुकता यायला लागली का? आली होती. मग दहावीचा फॉर्म बाहेरून भरायला लावला. एका टीपासून खड्ड्यापर्यंत एक होल, असे अठरा होल, त्यांच्या मध्ये जेवढं थांबायला मिळेल तेवढ्यात शिकवायचे, अपूर्णांक तर मी यार्डावर शिकलो, दीडशे यार्डाच्या खुणेपासून चेंडू किती पुढे किती मागे. १९९३ ला पास झालो, गणितात ४१. सरांनी माझ्या ४१ चे पेढे सगळ्या कॅडींना वाटले. ते कार्ड माझ्याकडे आहे अजून, ३५२४ वालं. पेन्सिलीचं लिहिलेलं आता फिकट झालंय.

— — —

एक फौजी, निवृत्त

आमची चौकडी होती, त्यातला आता मी एकटा राहिलो.

खेळाडू म्हणून सांगतो. त्याचा हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, १४ होता आणि वर्षानुवर्षं १४ च राहिला. आम्ही सगळे जोरात मारायचो, कोण किती लांब जातो याची चढाओढ, आणि हा बहुतेक टीवरून पाच नंबरचं आयर्न, मधल्या अंतराची काठी, घ्यायचा. चेंडू फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध, आमच्यापेक्षा पन्नास यार्ड मागे. तिथून पुन्हा तेच. आम्ही कोण झाडीत, कोण बंकरच्या वाळूत, आणि हा आपला चालत चालत ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर. सुरुवातीला मला कंटाळवाणं वाटायचं, त्याला तोंडावर बोललोही. त्यानं तेव्हा काही उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी घरी एक कागद पाठवला, दोन्ही बाजूंनी गणित. मला त्यातलं अर्धंच समजलं, पण तो कागद कशाचा होता ते इथे कोणी विद्यार्थी सांगू शकेल, खाली सही करून हार्डी असं लिहिलं होतं.

माझी पत्नी आजारी होती त्या सहा महिन्यांत मी मैदानावर जाऊ शकलो नाही. हा दर राउंडनंतर घरी यायचा आणि प्रत्येक होल सांगायचा, कुठून मारला, वारा कुठला होता, कुठे भारद्वाज दिसला. हिला गोल्फ कळत नव्हतं पण ती वाट बघायची. एवढंच लिहितो.

— — —

टीवाय १९९१, हार्डीबद्दल

कर्नलसाहेब, तो कागद कशाचा ते मला माहीत आहे, कारण माझ्या आयुष्यात त्या गणितानं फरक पडलाय.

रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी, ते क्रिकेटचे वेडे होते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यांनी १९४५ मध्ये मॅथेमॅटिकल गॅझेटमध्ये गोल्फवर एक छोटासा लेख लिहिलाय, दोनच पानांचा. सर तो प्रॉबॅबिलिटीच्या तासाला घ्यायचे, सिलॅबसमध्ये नसताना. असं समजा की होल चार फटक्यांचा आहे. एक खेळाडू नेहमी साधा फटका मारतो, चारात पोचतो, कधी कमी नाही कधी जास्त नाही. दुसरा लहरी. त्याचा दहातला एक फटका इतका सुरेख पडतो की एकात दोन फटक्यांचं काम होतं, आणि दहातला एक पार वाया जातो, चेंडू होता तिथेच. बाकीचे आठ साधे. चांगले आणि वाईट बरोबर सारखे. सरांनी विचारलं, सरासरीनं कोण पुढे? सगळा वर्ग म्हणाला दोघं सारखेच, चांगल्यानं वाईट फिटलं. सर म्हणाले, करून बघा.

उलटीकडून करायचं. होल एकच फटका लांब असेल तर लहरी माणसाला सरासरी १.११ फटके लागतात. दोन लांब असेल तर २.१०, तीन असेल तर ३.१०, आणि चार असेल तर ४.१०. म्हणजे प्रत्येक होलला एक दशांश फटका जास्तीचा, आणि अठरा होलचे मिळून जवळजवळ दोन फटके. का? कारण होल एकाच फटक्यावर आला की सुरेख फटक्याचा काही उपयोग राहत नाही, होलच्या पुढे जाऊन काही मिळत नाही, पण वाया गेलेल्या फटक्याचं नुकसान मात्र तिथेही पुरेपूर होतं. सर खडू खाली ठेवून म्हणाले, सगळं नुकसान शेवटच्या फटक्यात आहे.

मी तेव्हा त्या लहरी खेळाडूसारखा होतो. अवघड प्रश्न घ्यायचो, कोणाला सुचणार नाही अशी रीत काढायचो, आणि शेवटच्या ओळीत साधं चिन्ह चुकवायचो. एसवायला मला ५३ मिळाले तेव्हा मी पेपर तपासणाऱ्यांना शिव्या घालत सरांकडे गेलो होतो. त्यांनी माझी ट्युटोरियलची वही मागितली, लाल पेननं फक्त शेवटच्या ओळींखाली रेघा मारल्या, पंधरा गणितांपैकी नऊ रेघा. एक शब्द बोलले नाहीत. मला चहा दिला. पुढचं वर्षभर मी प्रत्येक गणिताची शेवटची ओळ दोनदा लिहायचो, एकदा वहीत, एकदा कच्च्या कागदावर. आज विमा कंपनीत आकडेमोड करतो, आणि अजून दोनदा लिहितो.

— — —

एक सहकारी, स्टॅटिस्टिक्स

मी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, स्टाफरूममध्ये शेजारी बसायचो. खरं सांगायचं तर कॉलेजात त्यांच्या गोल्फवरून बरंच बोललं जायचं. मास्तराला हे साहेबी थेर कशाला, पगार किती, खेळ कुठला. वरचे लोकही टोमणे मारायचे. सर उत्तर द्यायचे नाहीत आणि खेळणं लपवायचेही नाहीत, बुटांना चिखल लागलेला असला तर तसेच पहिल्या तासाला यायचे. पण पहिला तास कधी चुकला नाही. अठ्ठावीस वर्षांत मस्टरवर त्यांचा लेटमार्क मी तरी पाहिला नाही.

पेपर तपासताना त्यांची एक सवय होती. एखाद्या पोरानं वेगळ्याच रीतीनं गणित सोडवलं असेल तर पेपर बाजूला काढायचे आणि घरी नेण्याऐवजी तिथेच, सगळे गेल्यावर, ती रीत स्वतः पहिल्यापासून करून बघायचे. एकदा रात्री साडेआठपर्यंत बसले होते, शिपाई किल्ल्या घेऊन उभा. शेवटी म्हणाले, याचं बरोबर आहे, आपलं मॉडेल आन्सर लांबचं आहे.

— — —

लातूरहून

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कोणाला आवडेल की नाही माहीत नाही, पण धाग्यात घडलेलंच लिहा म्हटलंय म्हणून लिहिते.

मला सरांचं गोल्फ कधीच आवडलं नाही. गणित आवडलं, सर आवडले, पण एवढ्या जागेवर एवढं गवत, त्याला पाणी, आणि मी अशा घरातली जिथे उन्हाळ्यात घागरी मोजून दिवस काढायचे. एसवायला असताना वर्गात उभी राहून विचारलं होतं, सर एका होलला किती पाणी लागतं. वर्ग चिडीचूप. सर म्हणाले, माहीत नाही, विचारून सांगतो, आणि पुढच्या आठवड्यात खरंच वहीतून वाचून दाखवलं, पाणी कुठून येतं, पंप किती तास चालतो. शेवटी म्हणाले, तुझा प्रश्न याच्यानं सुटत नाही हे मला कळतंय.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा मी सरांना फोन केला, थोड्या रागातच केला. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, मी खेळतो ते मला आवडतं म्हणून, ते बरोबर आहे असं मी तुला कधी म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत ते दर रविवारी फोन करायचे, पहिला प्रश्न एकच, टँकर आला का. तुझी तब्येत कशी, मुलं कशी, हे सगळं नंतर. टँकर आला का. मी आकडा सांगायची, किती घागरी, आणि पलीकडे ते लिहून घेतायत हे मला ऐकू यायचं.

— — —

एडिंबरा

सर २०१६ च्या सप्टेंबरमध्ये भाच्याकडे आले होते तेव्हा दोन दिवस आमच्याकडे राहिले. मी विचारलं कुठे जायचं, तर उत्तर तयार होतं, सेंट अँड्र्यूज, गोल्फचं माहेरघर, आणि रविवारीच. मी म्हटलं सर रविवारी तिथलं ओल्ड कोर्स खेळायला बंद असतं. म्हणाले म्हणूनच. रविवारी ते मैदान गावाचं असतं, लोक कुत्री घेऊन, पोरं घेऊन फिरायला येतात, कोणीही मधून चालू शकतो.

गाडीत पूर्ण रस्ताभर टेट. पीटर गथ्री टेट हे आधी बेलफास्टला गणिताचे प्रोफेसर, मग १८६० पासून एडिंबराला. गाठींचं गणित त्यांचं, दोरीच्या गाठींचे तक्ते केले आणि त्यावरून जे अंदाज मांडले ते सिद्ध व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. आणि गोल्फचे इतके वेडे की सेंट अँड्र्यूजला सुट्टीत दिवसातून पाच पाच राउंड, आणि रात्रीसुद्धा खेळता येतं का म्हणून चेंडूंना फॉस्फरस लावून बघितला. चेंडू एवढा लांब का जातो हे त्यांनीच शोधलं, उलट्या फिरकीमुळे. फिरकी मोजायची कशी, तर चेंडूला लांब फीत बांधायची, चेंडू मारायचा आणि फितीला किती पीळ पडले ते मोजायचं. सर हे सांगताना स्वतःच्या मफलरला पीळ घालून दाखवत होते. मुलगा फ्रेडी, तो तर १८९६ आणि १८९८ चा ब्रिटनमधल्या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेचा विजेता. बापाच्या गणितापेक्षा पोराचा चेंडू लांब गेला अशी गोष्ट सांगतात, पण सर म्हणाले ती गोष्ट बापावर अन्याय करणारी आहे, फिरकी धरल्यावर बापाचं गणित बरोबर होतं. मग म्हणाले तो मुलगा १९०० मध्ये बोअर युद्धात गेला, वय तिशीचं, आणि पुढच्या वर्षी बाप. त्यानंतर फोर्थचा पूल येईपर्यंत सर काही बोलले नाहीत.

मैदानावर सगळे त्या दगडी छोट्या पुलावर फोटो काढत होते. सरांनी फोटो काढू दिला नाही. ते अठराव्या होलच्या कडेनं हळूहळू चालत गेले, मध्ये थांबून बूट काढले, मोजे काढले, बुटात कोंबले, आणि अनवाणी गवतावर उभे राहिले. सप्टेंबरची थंडी, वारा. मी म्हटलं सर सर्दी होईल. म्हणाले, इथे १७६४ मध्ये बावीसचे अठरा होल झाले म्हणून आपण येरवड्यात अठरा खेळतो.

पण मला वाटतं त्यांना त्याहून जास्त आनंद गावात झाला. साउथ स्ट्रीटच्या फुटपाथवर एक पितळी पट्टी बसवलीय, जेम्स ग्रेगरींची मध्यान्हरेषा. ग्रेगरी तिथे सतराव्या शतकात गणिताचे प्रोफेसर होते. सर त्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना जागा देत देत मला म्हणाले, एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश वजा एक सप्तमांश, असंच पुढे. याची बेरीज पायचा चौथा हिस्सा. याला लोक ग्रेगरींची श्रेणी म्हणतात, आपल्या केरळात माधवांनी ती अडीचशे वर्षं आधी काढली होती. दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं, आणि बेरीज तीच आली. एक आजीबाई थांबून ऐकत होत्या. सरांनी त्यांना इंग्रजीत पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

— — —

शेजारच्या वाड्यातला

मी विद्यार्थी नाही, खेळाडू नाही. आमच्या गल्लीत पोरांच्या क्रिकेटचा बॉल सरांच्या गॅलरीत गेला की तो कधी जप्त झाला नाही, सर खाली यायचे आणि आधी विचारायचे कुठून मारला होता, किती टप्पे पडले. मग द्यायचे.

— — —

ताई

सगळ्यांचं वाचलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोन दिवस लागले. काही काही मलाच माहीत नव्हतं. टँकरच्या घागरींचे आकडे लिहिलेली वही मिळाली, मी ते दूधवाल्याचं काहीतरी समजून रद्दीत टाकणार होते. आता ठेवली.

एक दोन गोष्टी मी पण सांगते. बाबांनी बजाजच्या स्कूटरला नंबर लावला होता, तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नंबर लागल्याचं पत्र आलं आणि बाबांनी तो सोडून दिला, ते पैसे गोल्फच्या मेंबरशिपला भरले. आईला न विचारता. आई तेव्हा शाळेत नोकरीला, रोज दोन बस बदलून जायची. ती जवळजवळ दोन वर्षं या विषयावर बाबांशी बोलली नाही, म्हणजे बाकी सगळं बोलायची, गोल्फ सोडून. बाबा सायकलवर बॅग आडवी बांधून बंडगार्डनच्या पुलावरून पहाटे जायचे, आणि परत आल्यावर तिच्यासाठी वाटेतून काहीतरी आणायचे, मेथी, कधी सोनचाफा. तिनं ते घेतलं, पण विचारलं कधी नाही की कसं झालं. चूक बाबांची होती, ते त्यांनी माझ्यासमोर मान्यही केलंय.

बाबांना होल इन वन, म्हणजे टीवरून एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये, कधीच मिळाला नाही. मी एकदा त्यांना वाईट नाही का वाटत म्हणून विचारलं तर पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं. राउंडमध्ये चार छोटे होल, वर्षाला शंभर राउंड, चाळीस वर्षं, म्हणजे सोळा हजार प्रयत्न. हौशी माणसाला साडेबारा हजारात एकदा मिळतो असं धरतात. तरी एकदाही न मिळण्याची शक्यता अठ्ठावीस टक्के निघते. म्हणाले, माझ्यासारखे शंभरात अठ्ठावीस जण आहेत, म्हणजे काही फार वेगळं घडलेलं नाही. पण शेवटच्या वर्षी आठव्या मजल्यावरच्या त्या हॉस्पिटलच्या खोलीत झोपेत 'गेला का' असं विचारायचे, आणि मी गेला म्हणायचे.

नाशिकच्या दादांनी पटरचं विचारलंय. आहे, इथेच आहे. ती निळी पट्टी म्हणजे विजेची इन्सुलेशन टेप, मूठ झिजली होती म्हणून लावलेली. शेवटची दोन वर्षं बाबा घरात काठी म्हणून तोच वापरायचे, उलटा धरून, फरशीवर टकटक आवाज यायचा.

येरवड्याच्या दादांना, तुमचा नंबर माझ्याकडे नाही, पण बॅग आणि सहा काठ्या तुम्हीच न्या, तुमच्या मुलीला घेऊन या, सोमवारी दुपारी मी घरी असते. पटर तेवढा देता येणार नाही. आईनं तो तिच्या पलंगाच्या कडेला उभा करून ठेवलाय, आणि काल ती मुठीवर नवी टेप गुंडाळत बसली होती.